वाळलं हाय

१ नोव्हेंबर, शनिवार

पाऊस गेला म्हणतोय, पण त्याच्या बोलण्यावर भरवसा नाही. सकाळी डेकवर पाय ठेवला आणि पडता पडता वाचलो. चार महिन्यांचं शेवाळ. गगनबावड्याच्या वाटेवर पाऊस नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. धरणाचं पाणी अजून डेकच्या खांबांना अर्ध्यापर्यंत भिडून आहे.

लोक विचारतात, तवनाप्पा, वखारीत चांगलं चाललेलं, पाण्याकाठी हॉटेल कशाला काढलंस? मी सांगतो, जन्मभर लाकूड दुसऱ्याला विकलं, थोडं स्वतःच्या पायाखाली घ्यावं म्हटलं. कारण खरंच तेवढंच आहे. चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पाण्यात पुढं गेलेला सागवानी डेक. टोकाला पायरी, तिथं नाव बांधलेली. खोल्या कुणीही बांधेल. डेक माझा आहे. त्यातली एकेक फळी मी वाजवून घेतली आहे.

पेठ वडगावच्या वखारीत हमाल होतो तेव्हा मालक लिलावाला जाताना मला शेजारी बसवून न्यायचा. ओंडक्यावर बोटाचं पेर मारायचं आणि आत पोकळ का भरीव ते सांगायचं. शाळा झाली नाही, कान झाले. त्या कानांवर पुढं स्वतःची वखार उभी राहिली.

माझ्या बायकोनं, अंजनानं ठरवून टाकलंय, सूनबाईचं डोहाळजेवण नावेतलं करायचं. कुणी बागेतलं करतं, कुणी झोपाळ्यावर. आपल्याकडं खरी नाव आहे, खरं पाणी आहे, मग पुठ्ठ्याची नाव कशाला, हे तिचं म्हणणं. रविवार, तीस तारीख. आदिती डेकवरून चालत जाणार, पायरी उतरून नावेत बसणार, आमचा पोरगा जिनेंद्र तिला काठाकाठानं फिरवून आणणार. आदिती त्यावर काहीतरी बोलली, मला कळलं नाही. ही पोरगी पुटपुटते फार. माहेर इचलकरंजीचं, तिथं यंत्रमागांच्या खडखडाटात माणसं ओरडून बोलतात. हिचंच असं कसं झालं कुणास ठाऊक.

म्हणजे तीसच्या आत डेक धुवायचा, वाळवायचा, घासायचा आणि वर पाणी अडवणारा सीलर मारायचा. जमेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

आकाराम कसबा बावड्याहून आला. मी आणि तो एका वेळी हमालीला लागलो. मी धंद्यात पडलो, त्यानं सुतारकी धरली. चार लोकांत मला अप्पा म्हणतो, एकटे असलो की तवन्या.

'सुनंचं डोहाळजेवण, आणि मला शेवाळ काढायला बोलावलंस व्हय?'

'जेवायला पण बोलावलंय.'

'मग भांग पाडून येतो.' त्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत.

दिवसभर पाण्याच्या मशीननं डेक धुतला. हिरवं गेलं, काळं गेलं, खालून लाकडाचा रंग वर आला. मन प्रसन्न झालं. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि अर्धा तास सडकून पाऊस. आकाराम छताखाली बिडी ओढत बघत राहिला. 'आता ह्येला वाळू दे बरं का. गेल्या खेपंला गडबड केलतीस.'

सीलर विकणाऱ्यानंही हेच बजावलंय. लाकूड आतून वाळल्याशिवाय डबा उघडायचा नाही, नाहीतर ओल आतच कोंडते. जिनेंद्रनं ओल मोजायचं एक यंत्र आणून ठेवलंय, टॉर्चएवढं. मी ते खोक्यातून काढलेलं नाही. मला लाकूड यंत्राला विचारायचं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सगळ्या फळ्या वाजवल्या. गुडघ्यावर बसून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या एकसारख्या वाजल्या. भरीव. पूर्वी प्रत्येक फळीचा आवाज वेगळा लागायचा, एखादी घंटेसारखी, एखादी तोंडात घास असल्यासारखी. आता सगळ्या एका सुरात. माल मुरला, असं मी धरतो.

रातकिडे यंदा फार. दिवसासुद्धा थांबत नाहीत. परवा कोल्हापुरात वखारीत बसलो होतो, तिथंही तीच किर्रर्र. हवामान बदललंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऊन चांगलं पडतंय. दुपारी आकाराम नाव घेऊन डेकखाली शिरला, खालच्या अंगानं फळ्या हातानं चाचपत. वरून वाळल्यासारखं दिसतं, खालून खरं कळतं. मी वर उभा होतो. फटीतून त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं.

मी विचारलं, 'काय रं, वाळलं का?'

तो खालून काहीतरी लांबलचक बोलला. पाण्यावर शब्द वाहून जातात. पण त्यातलं नेमकं ते ऐकलं. वाळलं हाय.

पुतणीच्या घरची वास्तुशांत आहे म्हणून तो तिथूनच बावड्याला गेला, सोमवारी येतो म्हणाला. मी म्हटलं, ये निवांत. मनात म्हटलं, तू येईपर्यंत सीलरचे दोन हात मारून ठेवतो. बघून गार होशील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वखारीतली दोन माणसं आणली आणि सीलर मारला. मीही ब्रश धरला. पहिला हात सकाळी, दुसरा ऊन कलल्यावर. काय उजेड पडलाय डेकवर. शेजारचं झाड त्यात दिसतं. अंजना आली, काठावर उभी राहून बघत राहिली. म्हणाली, 'आकाराम भावोजी न्हाईत?' मी म्हटलं, 'त्यानंच सांगितलं, वाळलं हाय.'

तिनं मान डोलावली. मग आणखी काहीतरी विचारलं. मी 'व्हय व्हय' म्हटलं. ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली आणि आत गेली.

हल्ली मी बऱ्याच गोष्टींना 'व्हय व्हय' म्हणतो. वाद कमी होतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे ऐकलं ते लिहावं का नाही, कळत नाही. पण कुठंतरी ठेवलं पाहिजे.

स्वयंपाकघराच्या मागल्या दारानं येत होतो. आत जिनेंद्र आणि आदिती. आपली आचारीण शालूबाई बाहेर भांडी घासत होती, म्हणजे ही दोघं मुद्दाम एकटी गाठून बोलत होती. आदिती म्हणाली, 'अप्पांना कसं सांगायचं?' जिनेंद्र काहीतरी बोलला. मग ती म्हणाली, आणि हे मी स्पष्ट ऐकलं, 'विकायचं मशीन.' जिनेंद्र म्हणाला, 'चिडतील.' ती म्हणाली, 'डोहाळजेवण होऊ दे, मग बघू.'

विकायचं मशीन. वखारीत विकण्यासारखं एकच मशीन आहे, माझा पहिला रंधा. जुना आहे, आवाज करतो, जागा अडवतो. पण मी हमालाचा मालक झालो तो त्या मशीनवर. मशीन विकायचं म्हणजे वखार मोडायची. वखार मोडायची म्हणजे तवनाप्पाला डेकवर खुर्ची टाकून बसवायचं.

जेवताना दोघं गोड बोलत होती. मला उठून जावंसं वाटलं. पण दिवस असताना जेवायचं आपलं जैनांचं व्रत, बाहेर उजेड होता, उठून गेलो तर माझं तोंड लगेच दिसलं असतं. बसून राहिलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डेकला फोड आलेत. रविवारच्या कडक उन्हात सीलरखाली फुगे धरले, दुधाळ, तळहाताएवढे. दाबलं की खाली पाणी हलतं. टोकाकडं तर कातडं सुटल्यासारखं सुटलंय.

आकाराम आला. पिशवी खाली ठेवली आणि फोडाकडं बघून म्हणाला, 'लावलंस?'

'तू वाळलं हाय म्हणालास म्हणून लावलं.'

'मी न्हाय म्हणालतो.'

'हाय म्हणालास.'

'अजून वाळलं न्हाय, सोमवारपर्यंत थांब, असं म्हणालतो की.'

'हाय.'

'न्हाय.'

शालूबाई परात घेऊन हसत दारात आली. 'दोघं काय खेळायलाय व्हय?'

मला तिचं हसणं लागलं असावं. मी म्हणालो, 'आकाराम, तुझं वय झालं. काय बोलतोस ते तुझ्याच ध्यानात राहत न्हाय. ह्या कानाला आजवर कुणी खोटं पाडलेलं न्हाय.'

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून हळू काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही आणि परत विचारायची माझी तयारी नव्हती. पिशवी उचलून तो फाट्याकडं चालू लागला. लाकूड टोचून बघायचा त्याचा टोचा खांबात खोचलेला राहिलाय.

माणूस चुकतो. चुकलो म्हणायला काय जातं त्याला?

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाच दिवस खरवडतोय. माणसं आहेत, पण मी स्वतःही बसतो. सीलर निघतो तो लाकडाचा पापुद्रा घेऊन निघतो. ऊन आहे, वाळेल. या खेपेला सीलर नाही, नुसतं जवसाचं तेल पाजायचं.

जिनेंद्र शेजारी येऊन बसला. पोरगा हुशार आहे, पण विषय काढताना नाक खाजवतो. लहानपणापासूनची खोड. नाक खाजवून म्हणाला, 'अप्पा, सोमवारी राजारामपुरीत एका ठिकाणी जाऊन येऊ का?'

'कुणाकडं?'

'आहेत एक ओळखीचे. नुसतं बोलायचं. दहा मिनिटं.'

मशीनला गिऱ्हाईक शोधलं तर. मी म्हटलं, 'तुझ्या ओळखीच्याला सांग, तवनाप्पा मगदूम अजून जिवंत हाय.'

 उठताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. विकणारा माणूस असा हात ठेवतो.

आकारामचा फोन नाही. मीही केला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तेल पाजून झालं. चकाकी नाही, पण लाकूड लाकडासारखं दिसतं. परत सगळ्या फळ्या वाजवल्या. भरीव. पायरीजवळची तीनदा वाजवली, कारण आदिती तिच्यावर उभी राहून नावेत पाय टाकणार. ती फळी मागं एकदा वखारीतल्या उरल्यासुरल्या मालातनं बसवली होती. भरीव वाजली. तिन्ही वेळा.

तरी झोप नीट लागत नाही. आकाराम असता तर त्यालाही एकदा वाजवायला सांगितलं असतं, असं मनात आलं. लगेच वाटलं, कशासाठी?

२९ नोव्हेंबर, शनिवार

 आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी अंजना झेंडूच्या माळा घेऊन डेकवर आली. कठड्याला बांधता बांधता म्हणाली, 'पोरीचा पाय जड हाय. बघून ठेवलंय न्हवं सगळं?'

मी ऐटीत पायरीजवळ गुडघा टेकला. 'तूच ऐक.' पेर मारलं. शेजारच्या फळीवर मारलं. परत पहिलीवर. 'झालं समाधान?'

तिनं माळ खाली ठेवली. 'ही अशी का वाजतीय?'

'कशी?'

'पोकळ हाय की.'

मला राग आला. म्हणालो, 'अंजना, लाकूड मी वाजवतो का तू?' ती वखारीच्या मागच्या खोलीत नांदायला आली होती. ओंडके वाजवून घेणारा मी आणि चुलीपुढं ऐकणारी ती. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा सुचलं नाही.

तिनं वाद घातला नाही. खांबातला आकारामचा टोचा उपसला आणि माझ्या हातात दिला.

मी फळीत टोचला. मुठीपर्यंत गेला. जोर लावलाच नव्हता. बाहेर काढला तर टोकाला काळा, ओला भुगा. खालच्या वाशात खुपसला, तिथंही तसाच गेला. वर पापुद्र्याएवढा साग आणि खाली काही नाही. सीलर मारला नसता तर कदाचित वरूनच दिसलं असतं. खरवडतानाही मी तिथं नुसतं पेर मारलं, टोचलं नाही, कारण मला ऐकू येत होतं ना.

आम्ही दोघं तिथंच बसलो. ती म्हणाली, 'तुम्हाला दोन्ही खरंच सारख्या वाजल्या?'

मी म्हणालो, 'रातकिड्यांचा दंगा फार हाय इथं.'

 तिनं पाण्याकडं बघितलं, झाडांकडं बघितलं. मग माझ्याकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, 'अहो, कुठं हायत रातकिडे?'

भर दुपारचे दोन वाजले होते.

३० नोव्हेंबर, रविवार

नाव पाण्यातनं ओढून गवतावर आणली. आठ माणसं लागली. डेकच्या तोंडाला दोरी बांधून टाकली. पाहुण्यांना जिनेंद्रनं सांगितलं, पाणी वाढलंय. अंजनाच्या बहिणी म्हणाल्या, नाव तर नाव, हिरवळीवर तर हिरवळीवर.

आदिती हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून गवतावरच्या नावेत बसली. बायका गाणी म्हणत होत्या. मी खुर्चीवर बसून बघत होतो. तोंडं हलताना दिसत होती, मधूनमधून एखादा शब्द पकडत होतो, आणि पहिल्यांदाच मला कळलं की मी पकडतोय. म्हणजे एरवीही पकडतच होतो, आणि उरलेलं स्वतःच भरत होतो.

दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. आदितीनं एक उघडली. सगळ्या एकदम हसल्या. मी शेजारणीला विचारलं, काय निघालं? ती बोलली. पेढा की बर्फी, मला कळलं नाही. इतकी साधी गोष्ट. मी 'व्हय व्हय' म्हणणार होतो, तोंड उघडलं होतं, आणि मिटून घेतलं.

आदिती बघत होती. तिनं वाटी उचलून मला दिसेल अशी धरली. बर्फी.

पंगत उठल्यावर मी दोघांना गाठलं. म्हटलं, 'रंधा विकायचा असला तर तोंडावर सांगा. मी मागल्या दारातनं ऐकलंय, विकायचं मशीन.'

जिनेंद्रनं नाक खाजवलं. आदिती मात्र माझ्यासमोर आली, अगदी समोर, आणि मोठ्यानं नाही, पण सावकाश म्हणाली, 'वि न्हवं अप्पा. ऐ.' तिनं कानाला बोट लावलं. 'ऐकायचं मशीन. कानात घालायचं.'

राजारामपुरीतला ओळखीचा माणूस कानाचा डॉक्टर आहे.

दोन आठवडे मी या पोरीच्या हातचं खाताना मनात तिला चोर म्हणत होतो.

२ डिसेंबर, मंगळवार

टोचा घेऊन कसबा बावड्याला गेलो. आकाराम अंगणात कुणाच्यातरी दाराची चौकट घासत बसला होता. वर बघितलं नाही.

'पावणं, कोण पायजे?'

'टोचा राहिलता तुझा.'

'ठेवा तिथं.'

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, 'आकाराम, त्या दिवशी डेकखालनं काय म्हणालास, परत म्हण.'

'कशाला? माझं वय झालंय.'

'म्हण की.'

तो चौकट सोडून माझ्याकडं वळला. 'अजून वाळलं न्हाय.'

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. 'न्हाय'मधला 'न' म्हणताना त्याची जीभ वरच्या दातांमागं टेकली. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, तिथं ती दिसली सुद्धा. 'हाय' म्हणताना अशी टेकत नाही.

'आता डोळं मिटतो. परत म्हण.'

त्यानं म्हटलं. मला ऐकू आलं, 'हाय'.

डोळे उघडले. त्याला सांगितलं, काय ऐकलं ते. फळीचंही सांगितलं, पायरीजवळच्या. आदितीनं पाय कुठं टाकला असता तेही. तो बराच वेळ चौकटीवरचा भुसा बोटानं काढत राहिला.

'त्या दिवशी जाताना तू हळू काय बोललास?' मी विचारलं.

'ते तुला ऐकू गेलं न्हाय ते बरं झालं.'

'उद्या येणार का?'

तो म्हणाला, 'न्हाय.' हे मात्र नीट ऐकलं. त्याचं तोंड समोर होतं.

६ डिसेंबर, शनिवार

न सांगता आला. नऊच्या एसटीनं. शालूबाईकडं चहा मागितला, माझ्याकडं बघितलं नाही, सरळ नाव घेऊन डेकखाली शिरला.

फळ्या तपासून काढायच्या आहेत. आता वाजवायला तो आणि वर मी. पण तो खालून बोलला तर मला काय कळणार? जिनेंद्र म्हणाला, मी मधे उभा राहून सांगतो. मला ते नको होतं. कानाचं मशीन पुढल्या आठवड्यात मिळेल. डॉक्टरनं दोन्ही कानांना सांगितलंय, मी म्हटलं, आधी एक बघू. तोवर काय?

मी डेकवर पालथा झोपलो आणि फटीतून खाली म्हणालो, 'बोलू नको. चांगली असली तर एक ठोका दे. नसली तर दोन.'

तळहात फळीवर पसरून ठेवला. खालून ठोका आला. लाकडातून सरळ हातात. एक. पुढची फळी, एक. त्याच्या पुढची, दोन, ती मी खडूनं खुणावली. असे निम्म्या डेकपर्यंत सरकलो. पाच वाईट निघाल्या. त्या पाचही मला भरीव वाजल्या होत्या. इतक्या वर्षांत लाकडावर असा हात ठेवून मी कधी पडलो नव्हतो. पेर मारायचं आणि उठायचं, एवढंच.

मधे एका फळीला जरा थांबलो. फटीतून त्याचं टक्कल दिसत होतं, त्यावर पाण्याचा उजेड हलत होता.

मी म्हणालो, 'आकाराम, राग गेला का?'

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आता मला ठोकेही कळेनासे झाले. हात आणखी दाबून धरला.

मग आले. दोन.

मी म्हटलं, 'बरं. पुढची फळी घे.'